सफेदा, पेवडी आन भाजकी माती

गेल्या साली कौसा गेली. तिच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाचा बोर्ड पोरांनी वसमतला छापायला टाकला, आजकाल टाकतात तसा, प्लास्टिकच्या कापडावर. बोर्ड आला, पोरांनी दोऱ्या बांधून दारात उभा केला, आन मी घरातून बाहेर आलो तर एक अनोळखी गोरी बाई माझ्याकडं बघून राहिली. नाकातली फुली कौसाची, लुगड्याचा काठ कौसाचा, कातडं मात्र कुण्या दुसरीचं. धाकट्याला विचारलं, ही कोण? तो म्हणला, बाबा, दुकानवाल्यानं फोटो जरा साफ केलाय, कॉम्प्युटरवर बटन असतं तसं. मी म्हणलं, उतरव. तो म्हणला, पाहुणे येऊन राहिलेत. मी म्हणलं, उतरव न्हायतर विळा आणतो. उतरवला. पाहुण्यांना वाटलं, बायको गेली आन म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. फिरलं असंल. पण माणसाच्या कातड्याचा रंग कालवण्यात माझा जन्म गेला, आन तो रंग मला जिनं शिकवला तिचाच रंग कुणी बटन दाबून पुसावा, हे माझ्याच्यानं बघवलं न्हाई. म्हणून लिहायला बसलो. शिक्षण चौथीपर्यंत. शुद्धलेखन नात बघंल, बाकी मजकुराला तिनं हात लावायचा न्हाई.

रंगाचं आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजंल. मला इचारलं तर रंग सहाच. सफेदा, पेवडी, गेरू, हिंगूळ, नीळ आन भाजकी माती. दुकानात आता साठ-साठ नळ्या मिळतात, त्यातल्या निम्म्या कशाला केल्यात ते करणाऱ्यालाच ठाऊक. हिरवा विकत घेणारा पेंटर मी पेंटर मानत न्हाई, पेवडीत नीळ घातली की झाडाचा हिरवा होतो. सफेदा म्हणजे पांढरा, तो लई लागतो. पेवडी ही पिवळी माती, दिसायला गरीब, पण उन्हाचा रंग तिच्याशिवाय न्हाई. गेरू सगळ्यांना माहीत. हिंगूळ म्हणजे लालभडक, तो चिमटीभरच घ्यायचा, जास्त झाला की माणूस दारू पिल्यासारखा दिसतो. आन भाजकी माती, इंग्रजी नाव बर्न्ट सायना, माझे उस्ताद कादरभाई तिला 'जली मिट्टी' म्हणायचे. नळीतून काढली की वाळल्या रक्तासारखी दिसते, पण तेलात पातळ करून पांढऱ्यावर ओढली की आतून उजेड आल्यासारखी तापते. सहातला एकच ठेव म्हणलं तर मी ती ठेवीन. त्या वक्ताला मात्र मला तिची किंमत न्हवती. मला वाटायचं, सफेदा ज्याच्याकडं जास्त तो पेंटर मोठा.

कादरभाईंचं दुकान हिंगोलीत होतं आन दुकानाच्या मागंच त्यांचं घर. मी मिसरूड फुटायच्या वयात तिथं ऱ्हायला गेलो. घरात दोघंच, कादरभाई आन चाची, लेकरू न्हवतं. मी सकाळी उठायचो ते घोटण्याच्या आवाजानं. कादरभाई नळ्या थोड्याच आणायचे, बाकी रंग कोरडी पूड आणून जवसाच्या तेलात घोटायचे. जाड काचेवर पूड, त्यावर तेलाची धार, आन दगडी बट्टा गोल गोल. आधी खरखर वाजतं, मग घरघर, आन रंग तयार झाला की आवाजच बंद होतो, बट्टा लोण्यावर फिरल्यासारखा फिरतो. कादरभाई रंगाकडं बघायचे बी न्हाईत, आतून ओरडायचे, अभी बोल रा है, अजून घोट. पाठीमागं चूल. चुलीवर एका बाजूला जवसाचं तेल कढत ठेवलेलं, रंगासाठी, कारण कढवलेलं तेल लवकर वाळतं. दुसऱ्या बाजूला चाची तव्यावर तेच जवस भाजायची, चटणीसाठी. दोन्हीचा वास एक व्हायचा. मी आजबी जवसाची चटणी खाल्ली की मला बोटं रंगलेली वाटतात. शुक्रवारी खिचडी आन खट्टा असायचा, चिंच-तिळाचा. चाची वाढताना म्हणायची, माझ्या हातचं खातो न रं बाबा, गावात सांगू नको. मी म्हणायचो, चाची, आमच्या हातचं कोण खातं गावात. मग ती आणखी एक पळी खट्टा ओतायची.

काम तीन तऱ्हेचं. एक, दुकानाच्या पाट्या; कनेरगाव नाक्यावरच्या ढाब्यांच्या पाट्या सगळ्या आमच्या हातच्या, तंदुरी कोंबडी मी एवढ्या काढल्यात की जिती कोंबडी बघितली की तिची तंगडी कुठून वळवायची ते आधी सुचायचं. दोन, औंढ्याच्या फुलवाल्या-पेढेवाल्यांच्या फळ्या. आन तिसरं काम, मेलेल्या माणसांचं. ते कादरभाई स्वतः करायचे. लोक लहान काळा-पांढरा फोटो घेऊन यायचे आन त्यावरून तेलरंगातली मोठी तसबीर करून न्यायचे. कैक बायांचा तर जितेपणीचा फोटोच नसायचा. मग ती गेल्यावर फोटोग्राफर बोलवायचे, तिला खुर्चीत बसवायचे, मागून कुणीतरी धरायचं, आन फोटो काढायचे. तेव्हा हे कुणाला वंगाळ वाटत न्हवतं, आता नातीला सांगितलं तर ती उठून गेली. अशा फोटोत डोळे मिटलेले. ते उघडायचं काम पेंटरचं. घरातल्या ज्या लेकराचे डोळे तिच्यावर गेलेत ते लेकरू समोर बसवायचं, आन त्याचे डोळे बघून तिचे काढायचे. आन एक रिवाज होता, तो कादरभाईंनी मला पहिल्याच महिन्यात सांगितला, मरे वे आदमी कू दो रंग उजला करना. मेलेलं माणूस दोन रंग उजळ करायचं. घरचे खूश होतात. कोणी तक्रार घेऊन आलं न्हाई कधी.

कौसा आली ती अशा कामासाठी. हट्ट्याचे लिंबाजीराव, रेल्वेत गँगमन होते, ते बायकोची तसबीर करायला आले, संगं थोरली लेक. ती लेक म्हणजे कौसा. तेव्हा माझी कुणी न्हवती, लग्नाला अजून दोन साल अवकाश होता. फोटो मेल्यावरचाच होता. बाईचं डोकं एका बाजूला कललेलं, मागं पदराआडून धरणाऱ्याची चार बोटं दिसत होती. लिंबाजीराव म्हणले, सालाच्या कार्यक्रमाला पाहिजे, सगळे पाहुणे येणार हायेत. कौसानं एवढंच इचारलं, आई उठून बसलेली दिसंल का? कादरभाई म्हणले, बेटी, अब्बी बोलेगी ऐसी बनाते.

पण त्या साली कादरभाईंच्या हाताला कंप सुरू झाला होता. पाटीचं अक्षर काढायचे, डोळ्याची पापणी काढता यायची न्हाई. दोन दिवस त्यांनी कापडासमोर बसून बघितलं, मग उठले आन ब्रश माझ्याकडं दिला. माझा पहिला चेहरा. जमला तर मी पेंटर, न्हायतर जन्मभर तंदुरी कोंबडी.

कौसा तीन येळा आली डोळ्यांसाठी. खिडकीपाशी स्टुलावर बसायची, बाप दारात बिडी ओढत. मला तिच्याकडं बघायचं होतं ते कामासाठी, आन बघता येत न्हवतं. ती म्हणली, ओ पेंटर, डोळे माझे काढून राहिले का पायाच्या नखाचे? तेव्हा वर बघितलं. डोळे जमले. मलाच खरं वाटेना एवढे जमले. ओठ जमले, कपाळ जमलं. मग कातडं आलं, आन मी रिवाजाप्रमाणं केलं. सफेदा, त्यात पेवडी, जरासा हिंगूळ. दोन रंग कशाला, मी हौसेनं चार रंग उजळ केली. पहिला चेहरा होता, हात आखडता घेऊ वाटला न्हाई.

बाप-लेक बघायला आले. लिंबाजीराव समोर उभे राहिले, टोपी काढली, आन रडायला लागले. म्हणले, लई सुंदर. मी कादरभाईंकडं बघितलं, त्यांनी मान डोलावली. माझी छाती फुगली. तेवढ्यात कौसा म्हणली,

"ही कोण बाई हाय?"

लिंबाजीराव म्हणले, तुझी आई, दुसरी कोण. ती म्हणली, डोळे आईचे हायेत, बाई दुसरी हाय. बापानं तिला गप केलं. मग आमच्याकडं वळून सांगायला लागले, आन ते जे सांगितलं ते खोटं न्हवतं. त्यांची बायको सावळी न्हवती, काळी होती, चांगली काळी. लग्नात त्यांच्या चुलत्यानं मांडवात म्हणलं होतं, पोरी, रात्री हासत जा, म्हणजे दिसशील. सगळे हासले होते. तेव्हापासून ती पाहुण्यांच्या घोळक्यात कधी पुढं बसली न्हाई, फोटो निघताना उठून चुलीकडं जायची, म्हणून तर जितेपणीचा एक फोटो न्हवता. लिंबाजीराव म्हणले, जितेपणी मला तिच्यासाठी काही करता आलं न्हाई. आता भिंतीवर तरी ती अशी बसंल की कुणी नाव ठेवणार न्हाई.

कौसानं सगळं ऐकून घेतलं. मग हात पुढं केला, बांगड्या वर सारल्या, आन मनगटापासून कोपरापर्यंतचा हात त्या चेहऱ्याशेजारी धरला, रंगाला टेकू न देता. बापाला म्हणली, "दादा, आईचा हात असा होता. तुमी तिला मेल्यावर बी चुलीकडंच धाडून राहिलात."

लिंबाजीरावांनी टोपी घातली, म्हणले, आठ दिवसांनी कार्यक्रम हाय, हीच घेऊन या. आन ती बापामागं गेली. जाताना माझ्याकडं बघितलं न्हाई. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी जेवण गेलं न्हाई. चाची म्हणली, काय झालं रं, खट्टा आंबट झाला का? चाचीचा हात माझ्या ताटावर होता. काळा हात. तीन साल त्या हातचं खाऊन राहिलो होतो आन त्याचा रंग कोणता हे मला सांगता आलं नसतं. दुसऱ्या दिवशी कादरभाई बाजारात गेले तसा मी सुरी घेतली आन तसबिरीचं कातडं खरवडून काढलं. डोळे, ओठ ठेवले, बाकी सगळं. ना मालकाला इचारलं, ना गिऱ्हाइकाला. मग तिचा रंग कालवायला बसलो आन तिथं फसलो. काळी बाई म्हणून काजळी घेतली, सफेद्यात घातली. राखेचा रंग झाला. काजळी वाढवली, तव्याचं बूड झालं. जेवढी काजळी घालावी तेवढी बाई मरून राहिली होती. कादरभाई परत आले तेव्हा मी तोंडापर्यंत काळा आन समोर बिनकातड्याची बाई.

ते लई बोलले. घरी जा म्हणले, पेटी उचल म्हणले. मी उचलली बी. दारापर्यंत गेलो. मग मागून आवाज आला, ह्या वेळी हळू:

"काला नक्को डाल रे बब्बन. काला आदमी काला नई रहता."

मग त्यांनी काजळीची डबी उचलून फळीवर ठेवली आन जली मिट्टी पुढं सरकवली. ती आन नीळ, दोन्ही बराबर न्हाई, माती जास्त. त्यातून जो काळा होतो तो गरम असतो. गालाच्या उंचवट्यावर पेवडी, पण सफेद्याला हात लावायचा न्हाई. नाकाच्या शेंड्याला, कानाच्या पाळीला हिंगुळाचा नुसता वास. आन कपाळावर जिथं उजेड पडतो तिथं निळसर चमक, कारण काळ्या कातड्यावर आभाळ दिसतं, गोऱ्यावर दिसत न्हाई. हे त्यांना कुणी शिकवलं होतं मला ठाऊक न्हाई. एवढं येत असून माणसानं जन्मभर सगळ्यांना दोन रंग उजळ केलं. मी इचारलं, तर म्हणले, लोगाँ मंगते नई ना. मग चाचीला हाक मारली, जरा इधर बैठ म्हणले. ती हात पुसत आली, बसली. त्यांनी तिच्याकडं बोट करून मला म्हणलं, देख. आन स्वतः बी बघत बसले.

चेहरा पुरा व्हायला आला आन कढवलेलं तेल संपलं. कढवायला दिवस जातो, थंड व्हायला एक. मला दम न्हवता. मी चुलीपाशी गेलो आन चाचीच्या बुधल्यातलं करडीचं तेल घेतलं, फोडणीचं. पातळ, साफ, रंगात मस्त मिसळलं. मी खूश. करडीचं तेल महिना-महिना वाळत न्हाई, हे मला ठाऊक न्हवतं. कादरभाईंना मी सांगितलं न्हाई, न्हायतर त्यांनी तिथंच माझे कान उपटले असते. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी बोट लावून बघितलं तर चिकट. म्हणलं, सकाळपर्यंत वाळंल.

हट्ट्याला एसटीनं गेलो, मी आन कादरभाई. तसबीर माझ्या मांडीवर, वरून दोन कामट्या लावून पांढरं कापड ताणलेलं, रंगाला टेकू नये म्हणून. खड्डा आला की मी ती वर उचलायचो. अंगणात मांडव होता, बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्त्या, फुलं. बाया पांढऱ्या लुगड्यांत. मागं चुलाणावर वरण उकळत होतं, कुणीतरी मोठ्या परातीत बुंदी चाळत होतं. लिंबाजीरावांना वाटत होतं आपण बघितलेलीच तसबीर हाय. मला सांगायचं होतं, तोंड उघडलं न्हाई. वंदना झाली आन त्यांनी सगळ्यांसमोर स्वतःच्या हातानं कापड काढलं.

ती बसली होती, काळी, मान सरळ, लेकीचे डोळे उघडे. लिंबाजीराव माझ्याकडं वळले. त्यांचा चेहरा बघून मी कादरभाईंच्या मागं सरकलो. मागून एक म्हातारा म्हणला, लिंबाजी, फोटो उन्हात ठेवला होता का? दोघं-तिघं हासले. हा तोच चुलता, हे मला नंतर समजलं. लिंबाजीराव कापड परत वर टाकायला गेले. कौसा कोपऱ्यात उभी होती, ती पुढं आली न्हाई, पण तिनं बापाच्या हातातल्या कापडाकडं असं बघितलं की लिंबाजीराव तिथंच थांबले.

तेवढ्यात बायांतून पारूमावशी उठली, मेलेल्या बाईची थोरली बहीण. परभणीकडून आली होती, डोळ्यात मोतीबिंदू, म्हणून पार जवळ गेली. नाकाला नाक लागंल एवढी. मला काय होणार ते दिसलं आन तोंडातून शब्द फुटेपर्यंत झालं. तिनं दोन्ही तळवे बहिणीच्या गालांवरून फिरवले, वरून खाली, जशा बाया लेकराच्या तोंडावरून फिरवतात, बोटं कानशिलावर नेऊन कडाकडा मोडली, आन त्याच हातांनी स्वतःचे डोळे पुसले, गाल पुसले. तसबिरीच्या दोन्ही गालांवर बोटांच्या चार-चार रेघा उमटल्या.

बाया हायहाय करायला लागल्या. कादरभाईंनी रंग नाकाला लावून हुंगला आन माझ्याकडं बघितलं, त्यांना सगळं समजलं. म्हणले, फोडनी का तेल डाल्या तू? कौसा ओलं फडकं घेऊन धावली, मावशीचं तोंड पुसायला. तिनं हनुवटी धरून मावशीचं तोंड उजेडाकडं वळवलं, आन फडकं हातात तसंच राहिलं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. म्हणली, दादा, इकडं या जरा. मावशीच्या तोंडाला रंग कुठं लागलाय, मला दिसून न्हाई राहिला.

लिंबाजीराव आले. मी बी गेलो. तळव्यावर रंग होता, तो तेवढा दिसत होता. तोंडावर तेलाचा वास होता, हात लावला तर चिकट होतं, पण गाल कुठं संपतो आन रंग कुठं सुरू होतो ते कुणालाच दाखवता आलं न्हाई. लिंबाजीरावांनी मेव्हणीच्या तोंडाकडं बघितलं, मग तसबिरीकडं, परत मेव्हणीकडं. मग ते त्या चुलत्याकडं गेले. म्हाताऱ्याला वाटलं आता मार बसतो. लिंबाजीराव एवढंच म्हणले, काका, तुमी पुढं बसा, तिच्या समोर, तिथून बराबर दिसंल. आन हाताला धरून त्याला तसबिरीसमोर बसवलं. पुरा कार्यक्रम म्हातारा तिथंच बसून राहिला, मान खाली घालून.

मी रेघा मिटवायला ब्रश काढला तर लिंबाजीराव म्हणले, राहू द्या. आजबी हट्ट्याच्या घरात ती तसबीर हाय, गालावर रेघांसकट. पुढं मी शेकड्यानं चेहरे काढले, पण सगळ्यात चांगला तो पहिलाच होता. कौसाला मी कैक येळा म्हणलं, एकदा बस, तुझी काढतो. ती म्हणायची, मी रोज समोर असते, भिंतीवर कशाला. ते तसंच राहून गेलं, त्याचं मला आता किती वाईट वाटतं ते लिहायला माझ्याकडं शब्द न्हाई.

पंगत बसली तेव्हा पारूमावशी हात मांडीवर उताणे ठेवून बसली होती. पाण्याचा तांब्या पुढं केला तर तिनं हात मागं घेतले. म्हणली, बहीण हाताला लागलीय, धुऊन टाकू का? कौसा तिच्या समोर मांडी घालून बसली, वरण-भात कालवला, आन तिला घास भरवायला लागली, त्याच हातानं जो तिनं आईच्या तसबिरीशेजारी धरला होता. मी समोरच्या पंगतीत होतो, ताटातलं विसरून बघत होतो. पाच-सहा घास गेले आन मावशी चावता चावता थांबली. म्हणली, वरणात मीठ कमी हाय गं. कौसाला हासू आलं. तिनं दाबलं, पण आलं. आई गेल्यापासून साल झालं, घरात ती पहिल्यांदा हासली, असं लिंबाजीराव मला पुढं सांगायचे. मी उठलो, चुलाणाकडं गेलो आन मीठ आणून दिलं.